दाढेतलं जोडवं

रंगनाथरावांच्या खालच्या डाव्या दाढेला भोक आहे, ही गोष्ट पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. ज्या गल्लीत शेजारच्या चुलीवर वांगं आहे की भोपळा हे फोडणीच्या वासावरून सांगतात, तिथं सहा वर्षं दुखणारी दाढ लपून राहायची कशी? रस्त्यात भेटलेला माणूस आधी दाढेची चौकशी करी आणि मग रंगनाथरावांची.

त्यातली पाच वर्षं ती दाढ फारसा बोभाटा न करता दुखली, कारण सावित्रीबाई होत्या. रात्रीचं जेवण झालं की त्या एक लवंग ठेचत, कापसाच्या बोळ्यात गुंडाळत आणि नवऱ्यापुढे येऊन म्हणत, "आ करा." रंगनाथराव सरकारी कचेरीत दप्तर सांभाळत. चाळीस वर्षांपूर्वीचा कागद कुठल्या रुमालात बांधला आहे, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. अशा माणसानं बायकोसमोर तोंड वासून बसावं हे बरं नव्हे, असं त्यांना रोज वाटे आणि रोज ते आ करत. बाई बोळा नेमका भोकात बसवत, आणि मग ती दाढ सकाळपर्यंत निजे.

छत्तीस सालच्या पौषात सावित्रीबाई हिवतापानं गेल्या. सावित्री नावाची बाई आधी गेली म्हटल्यावर यमाच्या पाठोपाठ जाऊन वाद घालायचं काम आलं रंगनाथरावांकडे, आणि ते तर कचेरीतल्या शिरस्तेदारांशीसुद्धा कधी वाद घालू शकले नव्हते. त्यांनी सगळं नीट पार पाडलं. कोणाला निरोप धाडायचा, कोणी काय आणायचं, दहाव्याला कोण, तेराव्याला कोण, सगळं दप्तरासारखं जागच्या जागी. डोळ्यांतून टिपूस मात्र आलं नाही. "घट्ट आहे बुवा माणूस," असं लोक म्हणाले. काही जण कौतुकानं म्हणाले, काही जण तसं नाही.

तेरावं झाल्यावर गोधड्या झटकताना एक जोडवं खाली पडलं. शेवटी शेवटी सावित्रीबाईंच्या पायाची बोटं इतकी वाळली होती, की एक जोडवं कधी गळालं ते कुणालाच कळलं नव्हतं. दुसरं त्यांच्याबरोबर गेलं होतं. हे पडलं ते नेमकं अक्काबाईंच्या पुढ्यात. अक्काबाई म्हणजे समोरच्या खोलीत राहणाऱ्या विधवा बाई. वय सत्तर, दात चार आणि मतं अगणित.

"एकटं जोडवं घरात ठेवू नये रंगनाथा," अक्काबाई म्हणाल्या. "जीव घुटमळतो तिचा. वर्षश्राद्धाला रामकुंडात सोडून ये. मी आठवण करीन."

अक्काबाईंनी आठवण करीन म्हटलं की ती गोष्ट सरकारी हुकमापेक्षा पक्की. रंगनाथरावांनी मान हलवली आणि जोडवं देवाच्या डबीत ठेवलं. त्यांना ते सोडायचं नव्हतं. लुगडी बहिणीला गेली होती, बांगड्या भाचीला. सावित्रीबाईंच्या अंगावरचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं. पण चार आण्यांच्या जोडव्यासाठी रडकुंडीला येणारा बाप्या गल्लीनं पाहिलेला नव्हता, आणि पहिला आपण व्हावं एवढं धैर्य रंगनाथरावांच्या अंगी नव्हतं.

लवंग आता ते स्वतःच भरू लागले. आरशात पाहून बोळा बसवायचा म्हणजे डावं उजवीकडे जातं आणि बोट भलत्याच दाढेत. बसवलेला बोळा पहाटेपर्यंत उशीवर आलेला असे. मार्गशीर्षात थंडी पडली आणि दाढेनं डोकं वर काढलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अक्काबाईंनी रिंगणीच्या बियांची धुरी सांगितली. धुरानं दाढेतले किडे पटापट खाली पडतात म्हणे. रंगनाथरावांनी तोंडावर घोंगडी घेऊन धुरी घेतली. किडा एकही पडला नाही, ठसका मात्र दोन दिवस राहिला. "किडे चिवट आहेत," अक्काबाईंनी निकाल दिला. कचेरीतला धोंडीराम कारकून म्हणाला, "रंगनाथराव, उपटून टाका. न रहेगा बांस." धोंडीराम प्रत्येक गोष्टीवर उपटून टाका हाच उपाय सांगे.

खरा सल्ला दिला तो कादरनं. कादर कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भाता मांडून बसे. सावित्रीबाईंची सगळी भांडी त्याच्याच हातची. तो म्हणाला, "रावसाहेब, भांड्याला भोक पडलं तर आपन भांडं फेकतो का? झाळ देतो. दाढेला बी झाळ देनारा डागतर आलाय आता, रविवार कारंज्यापाशी. कलकत्त्याला शिकून आलाय."

रंगनाथराव पूल ओलांडून गेले. डॉक्टर तरुण होते, माडीवर एकटेच बसले होते आणि रोगी पाहून त्यांना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही. खुर्चीशेजारी पायानं चालवायचं एक यंत्र होतं. शिंप्याच्या मशीनसारखंच, फक्त शिंपी आपल्या तोंडात सुई घालत नाही. डॉक्टरांनी दाढ पाहिली.

"काढायची गरज नाही. कोरून साफ करू आणि चांदी भरू."

"चांदी कुणाची?" रंगनाथरावांनी विचारलं.

"माझी. म्हणजे विलायतेहून बाटलीत येते. कीस करूनच येतो."

रंगनाथराव खुर्चीतून उठलेच. बाटलीतली, त्यातून किसलेली चांदी! आपल्याकडे सोनाराकडे जायचं म्हणजे जिन्नस आपला न्यायचा, त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसायचं आणि मुशीत वितळून बाहेर येईपर्यंत नजर हलवायची नाही. रंगनाथरावांच्या आईला सोनाराच्या दुकानात शिंक आली तर ती एक डोळा उघडा ठेवून शिंकत असे. त्या माउलीचा मुलगा बाटलीतली चांदी तोंडात घेणं शक्य नव्हतं. "विचार करून येतो," असं म्हणून ते निघाले.

जिन्याच्या पाचव्या पायरीवर मात्र ते थांबले. कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. खालून वर येणाऱ्या एका गृहस्थानं, "चक्कर येते का?" म्हणून विचारलं. चक्कर येत नव्हती. रंगनाथरावांना जोडवं आठवलं होतं. दाढेत भरलं, तर ते कोण मागणार? अक्काबाई काय तोंडात हात घालणार आहेत? आणि जाईल तेव्हा आपल्याबरोबरच जाईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतराच्या सोग्यातून जोडवं काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "यातली भरा."

"अहो, ही चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "आमच्या चांदीत कथिल वगैरे बेतानं मिसळलेलं असतं. नुसत्या चांदीचा कीस पाऱ्यात घोटला की तो पुढे फुगतो. दाढेवर ताण येईल. दुखेल."

"दुखू दे."

"दाढ फुटेलसुद्धा."

"डॉक्टर, आमच्या घरात आपल्या धातूशिवाय काम करत नाहीत."

डॉक्टरांची समजूत झाली की हा माणूस भेसळीला भितो. रंगनाथरावांनी ती होऊ दिली. खरं कारण सांगण्यापेक्षा कंजूष आणि संशयी ठरणं त्यांना सोपं वाटलं. शेवटी 'रोग्याच्या हट्टावरून व रोग्याच्याच चांदीने' अशा मजकुराखाली सही घेऊन डॉक्टर तयार झाले. मग कळलं की त्यांच्याकडे कानस नाही. रंगनाथराव टांगा करून गल्लीत आले आणि कादरची कानस घेऊन परत गेले. कादरनं कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सरकारी काम आहे."

जोडव्याचा पाव हिस्सा किसला गेला. रंगनाथराव समोर मांडी घालून बसले होते, नजर न हलवता. खलात कीस आणि पारा घोटला गेला, फडक्यात पिळून जास्तीचा पारा निघाला, लोण्यासारखा गोळा झाला. तोंडात भरताना आपल्याला दिसणार नाही म्हणून त्यांनी आरसा मागून घेतला. डॉक्टर म्हणाले, "आ करा."

त्यांनी आ केला.

दोन दिवस ते राजासारखे वावरले. बोलता बोलता जीभ दाढेवर फिरवून येत. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली आणि ते मोरीतच खाली बसले. नाशिकची पौषातली थंडी, त्यात मडक्यातलं पाणी. कळ दाढेतून निघाली ती कानामागून टाळूपर्यंत जाऊन आली. चहा घेतला तर गरमाची वेगळी कळ. गूळ खाल्ला तर गोडाची आणखी वेगळी. घास चावावा तर वरची दाढ त्या चांदीवर आधी आदळे, बाकीचे दात नंतर येत. तांब्याच्या पेल्याची कड चुकून दाढेला लागली तेव्हा तर अंगातून वीज गेल्यासारखं झालं आणि पेला अक्काबाईंच्या दारापर्यंत घरंगळत गेला.

सगळ्यात मोठी अडचण वाऱ्याची झाली. 'स' म्हणायचा म्हटला की दातांवरून थंड वारा जाई आणि दाढ ओरडे. मराठीत 'स' वाचून माणूस जगू शकेल, पण सरकारी कचेरीत 'साहेब' वाचून जगू शकत नाही. रंगनाथरावांनी दोन दिवस नुसतं "होय" आणि "आणतो" यावर भागवलं. तिसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी लेखी खुलासा मागवला, की आपल्या बोलण्यात अलीकडे अदब का दिसत नाही. रंगनाथरावांनी लिहिलं, 'दाढेत वारा शिरत असल्यामुळे.' शिरस्तेदारांनी तो उद्धटपणाचा दुसरा पुरावा म्हणून त्याच रुमालात बांधला. तो रुमाल सांभाळायचं काम अर्थात रंगनाथरावांचंच.

त्यांनी रजा मागितली. अर्ज परत आला, कारण आजाराचं नाव नव्हतं. 'दाढदुखी' लिहिलं तर विचारणा आली, की हा आजार समजावा की इजा? इजा असल्यास ती कामावर असताना झाली काय? 'नाही' म्हणून कळवलं, तर दाढ डावी की उजवी आणि ती लिहिण्याच्या कामी येते काय, याचा खुलासा मागितला. आठ दिवसांनी रजा मंजूर झाली ती दोन तासांची, आणि ती आदल्या दिवशीची.

एक गोष्ट मात्र नवीन घडत होती. रंगनाथरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चहा पिताना, चूळ भरताना, कचेरीत रुमाल सोडताना, केव्हाही. पहिल्यांदा ते दचकले. पण लोक म्हणत, "दाढ ना? फार वाईट दुखणं हो," आणि वळून जात. कोणी हसत नव्हतं, कोणी 'घट्ट' म्हणत नव्हतं. रंगनाथराव रस्त्यानं उघड उघड डोळे पुसत जाऊ लागले. कधी कधी कळ नसतानाही. पुलावर उभं राहून त्यांनी एकदा चांगलं अर्धा तास रडून घेतलं आणि एका भाजीवालीनं त्यांना हळद लावायला सांगितली.

डॉक्टर म्हणत होते, "फुगलीय. मी सांगितलंच होतं. काढू द्या, बाटलीतली भरतो, चार दिवसांत आराम."

"राहू द्या."

"अहो, एवढं सहन कशाला करता?"

ही कळ म्हणजे ती आहे, असं डॉक्टरांना कसं सांगायचं? पाच वर्षं जिनं ही दाढ निजवली तीच आता ती जागी ठेवत होती, आणि त्यांना ते गोड लागत होतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी अक्काबाई तयारीला आल्या आणि पहिल्यांदा देवाची डबी उघडली. चतकोर किसलेलं जोडवं त्यांनी उजेडात धरलं.

"हे काय रे? कुणी कुरतडलं?"

"उंदरानं," रंगनाथराव म्हणाले.

"चांदीचं?"

"मोठा होता."

अक्काबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या अक्काबाई कसल्या! संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, रंगनाथरावांना पैशाची ओढ आहे. दुसऱ्याचं म्हणणं, दुसरं लग्न ठरतंय आणि नवीच्या नथीत ही चांदी जाणार. नथीत चांदी कशाला जाईल हे कोणी विचारलं नाही. रंगनाथरावांचा गाल एवढा सुजला होता, की त्यांना उत्तर द्यायला तोंडच उघडेना. आयुष्यभर ज्यांनी कागदाचा कोपरा दुमडू दिला नाही, त्यांच्याबद्दल हे बोलणं! अपमानानं त्यांना जेवण गेलं नाही. तसंही दाढेनं जाऊ दिलंच नसतं.

श्राद्धाच्या दिवशी उरलेलं जोडवं त्यांनी स्वतःहून पुढे केलं, रामकुंडावर गेले आणि पाण्यात सोडलं. लगेच पाठ फिरवली. बरोबर आलेल्या अक्काबाईंना ते खटकलं. वर्षभर डबीत जपून ठेवणारा माणूस एवढा सहज कसा सोडतो? रंगनाथराव मनातल्या मनात म्हणत होते, की तुम्हाला पाहिजे तेवढं घ्या, माझं माझ्यापाशी आहे.

घरी परतल्यावर संकल्पाला गुरुजींनी नाव विचारलं.

'सावित्री.' वर्षभरात त्यांनी हे नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. पहिल्याच अक्षराला वारा शिरला, कळ डोक्यात गेली आणि डोळे भरून वाहू लागले. गुरुजींनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी नाव पुरतं घेतलं.

मग जेवणं. श्राद्धाचा उडदाचा वडा प्रसाद म्हणून घ्यावाच लागतो. अक्काबाईंनी पानात वाढला, "एवढासा खा," म्हणाल्या. रंगनाथरावांनी उजव्या बाजूनं चावायला घेतला. वडा कुठल्या बाजूनं फिरला कोण जाणे, कट्कन आवाज झाला. पानावर बसलेल्या माणसांना तो ऐकू गेला. दाढ उभी चिरली होती.

डॉक्टरांनी ती संध्याकाळी काढली. दोन तुकडे, आणि मोठ्या तुकड्यात घट्ट बसलेली चांदी. "चांदी सोडवून देऊ? चिमट्यानं येईल," ते अपराध्यासारखे म्हणाले. चूक त्यांची नव्हतीच. रंगनाथरावांनी मानेनं नको म्हटलं आणि तुकडे सोग्यात बांधले.

आता ही वस्तू लपवायला कोणी अडवत नव्हतं. अक्काबाईंना तिचा पत्ताही नव्हता. डबीत ठेवली असती तर जन्मभर राहिली असती. रंगनाथराव गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा कादर भाता आवरत होता. त्याची कानस परत द्यायची राहिली होती, ती द्यायला ते थांबले, आणि का कोण जाणे, सोगा सोडून त्याच्यापुढे धरला.

कादरनं तुकडा बोटात फिरवून पाहिला. झाळ ओळखायला त्याला वेळ लागला नाही. कानशीकडे पाहिलं, मग रंगनाथरावांच्या सुजलेल्या तोंडाकडे. "वहिनींचं जोडवं," तो म्हणाला. "मीच उजळून दिलं होतं, दोन दिवाळीमागं."

रंगनाथरावांनी मान हलवली.

"रावसाहेब, झाळ दिलेलं भांडं फुटलं ना, मंग झाळ आनि भांडं वायलं करत न्हाईत. दोन्ही एकदमच जातं. आमच्यात तरी तसंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथराव पुन्हा रामकुंडावर गेले. धुकं होतं. काठावरच्या गुरुजींनी त्यांच्या मुठीकडे पाहून नेहमीच्या सवयीनं विचारलं, "अस्थी का? कुणाच्या?"

"दोघांच्या," रंगनाथराव म्हणाले.

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी मेलेलं दिसेना. पण पंचवटीत गुरुजींना नाना तऱ्हेचे यजमान भेटतात. त्यांनी मंत्र म्हटला आणि रंगनाथरावांनी मूठ उघडली.

घरी आले तर अक्काबाई चहा घेऊन दारात. दाढ काढल्याचं त्यांना कळलं होतं. न कळायला त्या काय दुसऱ्या गल्लीत राहत होत्या? रंगनाथरावांनी पेला तोंडाला लावला. गरम चहा डाव्या बाजूनं गेला. कळ नाही. त्यांनी गार पाणी पिऊन पाहिलं. काहीच नाही. जीभ सवयीनं तिथं गेली, तर तिथं मऊ खड्डा होता. रंगनाथराव पेला हातात धरून बसले आणि त्यांचे डोळे गळू लागले, पागोळ्यांसारखे, थांबेचनात.

अक्काबाई बघत राहिल्या.

"अजून दुखतंय का रे?"

रंगनाथरावांनी डाव्या गालावर हात ठेवला. "हो. दाढ."

अक्काबाईंना विधवा होऊन पन्नास वर्षं झाली होती. दाढ काल गेली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या, पदरानं स्वतःचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "दुखायचीच बाबा. चहा घे, निवतोय."